मुक्काम सरोवराकाठी, फेरी शिखरावर

प्रवासाला निघण्यापूर्वी घरात जी चर्चा होते, तिच्यात 'काय पाहावयाचे' या प्रश्नाला जितका वेळ मिळतो, त्याचा चौथा हिस्साही 'राहावयाचे कोठे' या प्रश्नाला मिळत नाही. एकटादुकटा तरुण पाठीवर पिशवी टाकून निघाला तर त्याला हे परवडते. परंतु ज्या कुटुंबात आजीपासून नातवापर्यंत तीन पिढ्या एकत्र निघावयाच्या असतात, तेथे सबंध प्रवासाचे सुखदुःख मुक्कामाच्या निवडीवरच अवलंबून असते. युरोपातील आल्प्स पर्वताच्या सहलीपुरता या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या घरचाच अनुभव प्रथम सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ माणसे स्वित्झर्लंडला गेलो. कार्यक्रम तरुण मंडळींनी आखलेला. आठ दिवसांत पाच गावे, आणि प्रत्येक गाव आधीच्या गावाहून उंच. सासूबाईंचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर होते आणि गुडघे दुखरे होते. एक दिवसाआड सामान बांधावयाचे, गाड्या बदलावयाच्या, नव्या खोल्या शोधावयाच्या. डोंगरावरील एका गावी तर दोन दिवस ढग असे उतरले की खिडकीबाहेर पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसेना. मंडळी वर जावयास निघाली की सासूबाई सामानाजवळ बसून राहत. घरी परतल्यावर शेजारच्या काकूंनी हौसेने विचारले, "काय काय पाहिलंत?" त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "खोल्या मोठ्या स्वच्छ होत्या हो!" त्या उत्तरात तक्रारीचा लेशही नव्हता; म्हणूनच ते आम्हां सर्वांच्या मनाला फार लागले.

चूक कोठे झाली याचा विचार करता असे दिसून आले की, आमच्या डोक्यात महाबळेश्वर आणि माथेरान होते. आपल्याकडे थंड हवेचे ठिकाण म्हणजे डोंगराचा माथा. एकदा घाट चढून वर जावयाचे, बिऱ्हाड मांडावयाचे आणि सुटी संपल्यावरच खाली उतरावयाचे, ही आपली रीत. खालच्या मैदानात उन्हाचा वणवा पेटलेला असतो, म्हणून ती योग्यच आहे. आल्प्समध्ये मात्र खालची हवाही सुखकर असते, आणि वर चढण्याउतरण्याची सोय दीडशे वर्षांपासून रुळांवर तयार आहे. तेव्हा तेथे आपली रीत उलटी करावी: बिऱ्हाड खाली सरोवराकाठी ठेवावे, आणि शिखरावर केवळ दिवसाच्या फेरीला जावे.

यामागील पहिले कारण प्रकृतीचे. थून हे सरोवराकाठचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, म्हणजे जवळजवळ आपल्या पुण्याइतकेच; आणि ल्युसर्न सुमारे ४३५ मीटर, म्हणजे पुण्याहूनही खाली. तेथे रात्री कोणालाही धाप लागण्याचे कारण नाही. याउलट युंगफ्राउयोख हे १९१२ साली उघडलेले प्रसिद्ध रेल्वेस्थानक ३४५४ मीटरांवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोनतृतीयांशच उरतो. ज्यांना हृदयाचा वा श्वासाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय तेथे जाऊ नये. आणि जे जातील त्यांनीही पावले सावकाश टाकावीत व रात्रीपूर्वी खाली यावे.

दुसरे कारण हवामानाचे. आल्प्सच्या उत्तर उतारावर उन्हाळ्याचे महिनेच पावसाचे असतात, आणि दुपारी विजांसह वादळ येणे ही तेथील नित्याची गोष्ट आहे. शिखरे ढगांत गेली म्हणजे डोंगरावरील गावात खोलीत बसण्याखेरीज उपाय नसतो. सरोवराकाठच्या गावी मात्र बोटी चालू असतात, बाजार असतो, वस्तुसंग्रहालये असतात. आणि सकाळी आकाश निवळलेले दिसले की मग ठरवावे, आज कोणते शिखर. पाच गावी पाच खोल्या आगाऊ घेणाऱ्याला हे स्वातंत्र्य राहत नाही.

आता गाव कोणते? पुढल्या खेपेस आम्ही चार कसोट्या लावल्या. स्टेशन, बोटीचा धक्का आणि बिऱ्हाड एकाच सपाटीवर आहेत काय? कमी, मध्यम आणि मोठ्या उंचीची निरनिराळी शिखरे तेथून एका दिवसात करून परत येता येते काय? पावसाच्या दिवशी काय करावयाचे? आणि जो वर जाणार नाही, त्याचा दिवस कसा जाईल? चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची, हे सांगणे नलगे.

इंटरलाकेनचे नाव आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. दोन सरोवरांच्या मधले गाव असा त्या नावाचाच अर्थ आहे. पण ते प्रत्यक्ष पाण्याला लागून वसलेले नाही. थूनच्या सरोवरातील बोटी कालव्यातून गावाच्या पश्चिम टोकाला येतात आणि ब्रिएन्झ सरोवरातील बोटी पूर्व टोकाला. ज्यांना युंगफ्राउचीच ओढ आहे, त्यांना हे गाव सोयीचे. श्पीत्स हे थूनच्या सरोवरावरील अत्यंत देखणे गाव. जवळच नीसेन हा पिरॅमिडच्या आकाराचा २३६२ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्यावर १९१० सालापासून गाडी जाते. गाड्यांचे जंक्शन असल्याने श्पीत्सहून चहूकडे जाणे सोपे. परंतु स्टेशन वर आणि बोटीचा धक्का खाली खाडीसारख्या वळणात. रोजचा हा चढ दुखऱ्या गुडघ्यांना मानवत नाही. थून शांत आहे, जुने आहे, बाराव्या शतकातील किल्ल्याच्या सावलीत आहे, आणि तेथे स्टेशनाशेजारूनच बोट सुटते. गर्दीचा तिटकारा असणाऱ्यांनी खुशाल थून निवडावे.

आम्ही मात्र ल्युसर्न निवडले. झुरिकच्या विमानतळावरून तासाभराच्या आसपास आगगाडी तेथे पोहोचते. स्टेशनाच्या दारातून बाहेर पडले की समोर सरोवर आणि बोटींचे धक्के. मध्ये एक जिनासुद्धा नाही. चौदाव्या शतकातील लाकडी छताचा पूल पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. १९९३ साली त्याचा बराच भाग आगीत जळाला. परंतु नगरवासीयांनी तो १९९४ सालीच पुन्हा उभा केला.

शिखरांच्या बाबतीत तर ल्युसर्न म्हणजे चढत्या पायऱ्यांची शाळाच. पहिली पायरी रीगी, १७९७ मीटर; आपल्या कळसूबाईहून थोडी उंच. बोटीने तासाभरात फित्सनाउ गाठावे. तेथून दातेरी चाकांची आगगाडी अर्ध्या तासात माथ्यावर नेते. निक्लाउस रिगेनबाख या यंत्रज्ञाने १८७१ साली सुरू केलेली ही युरोपातील पहिली पर्वतरेल्वे होय. घरातील वडील माणसांनी करावे ते हेच शिखर. दुसरी पायरी पिलाटुस, सुमारे २१०० मीटर. त्याच्या १८८९ सालच्या रेल्वेचा चढ जगातील दातेरी रेल्वेंत सर्वांत अधिक आहे: शंभर मीटर आडवे अंतर जाताना अठ्ठेचाळीस मीटर चढाव! साधी दातेरी चाके इतक्या चढावर रुळावरून उसळतील, हे ओळखून एडुआर्ड लोखर याने चाके आडवी बसवून मधल्या दातेरी पट्टीला दोन्ही बाजूंनी कवटाळावयास लावले. ही गाडी बर्फाच्या महिन्यांत बंद असते. तेव्हा मे महिन्याच्या आरंभी जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. तिसरी पायरी टिटलिस. आगगाडीने पाऊण तासात एंगेलबर्ग, आणि तेथून पाळण्यांनी ३००० मीटरांवरील हिमनदीपर्यंत. बारमाही बर्फ पाहण्याची मुलांची हौस येथे भागते.

पावसाच्या दिवसासाठी सरोवराच्या काठीच वाहतुकीचे मोठे संग्रहालय आहे. जुनी इंजिने, विमाने आणि मोटारी पाहण्यात मुलांचा सबंध दिवस जातो.

व्यवहाराच्या दोनचार गोष्टी. हॉटेलापेक्षा स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड घ्यावे. तांदूळ, दही, दूध, भाज्या दुकानांत मिळतात. डाळी आणि मसाला बरोबर न्यावा. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, मात्र मोठ्या स्टेशनांतील उघडी राहतात. तेथील पारंपरिक चीज वासराच्या जठरातील रेनेट घालून बनवितात. ज्यांच्या घरी कडक शाकाहार आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. प्रवाशांसाठीच्या स्विस पासाबरोबर सोळा वर्षांखालील मुलांना तिकीट पडत नाही. पण त्यांच्याबरोबर आई किंवा वडील असावे लागतात. एकत्र कुटुंबात भाचरांना आत्याच्या हवाली करून पुढे पाठविण्याची चाल असते, तेथे ही सवलत चालत नाही. आणि सरोवराकाठी नारिंगी दिवा उघडमीट करू लागला तर वल्ह्याची होडी काठाला आणावी. मिनिटाला चाळीस वेळा उघडमीट म्हणजे सावधगिरी, नव्वद वेळा म्हणजे वादळ.

या दुसऱ्या खेपेस सासूबाईंनी एकच शिखर पाहिले, रीगी. एरवी आम्ही सकाळी पिलाटुसला वा टिटलिसला निघालो की त्या कोणातरी एकाला सोबत घेऊन धक्क्यावर जात. या सरोवरात आजही १९०१ ते १९२८ या काळात बांधलेल्या पाच जुन्या आगबोटी बाजूच्या मोठ्या चाकांवर चालतात, आणि त्यांचे यंत्र प्रवाशांना उघडे दिसते. फ्लुएलेनपर्यंतच्या पावणेतीन तासांच्या फेरीत दोन्ही बाजूंचे डोंगर बसल्या जागी पुढे येतात. १२९१ साली तीन प्रांतांनी ऐक्याची शपथ घेतल्याचे परंपरा सांगते, ते र्‍युटलीचे कुरणही वाटेतच लागते. सायंकाळी आम्ही परतलो म्हणजे सांगावयास त्यांच्यापाशीही काही असे. आणि कित्येकदा आमच्याहून अधिक असे.

घरी आल्यावर काकूंनी पुन्हा तोच प्रश्न केला. सासूबाईंनी चहा होईतो त्यांना बोटींची नावे सांगितली: 'उरी', 'उंटरवाल्डेन', 'शिलर', 'गालिया' आणि 'श्टाट लुत्सेर्न'. कोणत्या बोटीचे यंत्र अधिक चकचकीत ठेवलेले होते, हेही त्यांच्या ध्यानात होते. कुटुंबाने मिळून केलेला प्रवास सफल झाला की नाही, हे ठरविताना किती शिखरे झाली ते मोजू नये. घरातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसापाशी परतल्यावर सांगावयास काय आहे, ते विचारावे. आणि मुक्कामाचे गाव निवडताना तो प्रश्न आधीच मनाशी करून ठेवावा.