उडत्या चालीचं गाणं, जड गैरसमज
सायप्रसच्या 'फुएगो'ची गोष्ट आणि युरोव्हिजनचे खरे नियम

१२ मे २०१८ची रात्र. लिस्बनच्या आल्तिसे अरेनात युरोव्हिजन गीतस्पर्धेची अंतिम फेरी सुरू होती. २६ देशांच्या गाण्यांत सादरीकरणाच्या क्रमाने सायप्रस २५वा होता. एलेनी फुरेइरा ही गायिका चार नर्तकींसह मंचावर आली आणि तिने 'फुएगो' हे नृत्यप्रधान पॉप गाणं सादर केलं. 'फुएगो' हा स्पॅनिश शब्द, त्याचा अर्थ आग. मतमोजणीअखेर सायप्रसला ४३६ गुण आणि दुसरा क्रमांक मिळाला. इस्रायलची नेत्ता ५२९ गुणांनी पहिली आली. सायप्रस १९८१पासून या स्पर्धेत उतरतो आहे. तोवरची त्याची सर्वांत मोठी मजल पाचव्या क्रमांकापर्यंत होती, तीही १९८२, १९९७ आणि २००४ अशी तीनदाच.

प्रजासत्ताकाच्या ताब्यातल्या भागात जेमतेम नऊ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या देशासाठी हे यश फार मोठं होतं. तरीही या गाण्याबद्दल, आणि एकूणच अशा गाण्यांबद्दल, काही समजुती पुन्हा पुन्हा ऐकू येतात. पाय थिरकवणाऱ्या गाण्यामागे मेहनत कमी असते, हा त्या सगळ्यांमागचा समज. 'फुएगो'च्या आधारे त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज : एवढं नाचताना कुणी गात नाही, आवाज आधीच ध्वनिमुद्रित असतो.

वस्तुस्थिती : मुख्य गायकाने प्रत्यक्ष गाणं बंधनकारक आहे. मुद्रित असते ती वाद्यांची साथ. १९९९पासून स्पर्धेत वाद्यवृंद नाही, त्यामुळे सर्वच देशांची वाद्यं मुद्रित असतात. मागच्या आवाजांची मुद्रित साथ वापरण्याची मुभा २०२१मध्ये मिळाली. म्हणजे २०१८मध्ये कानावर पडणारा प्रत्येक मानवी आवाज त्या क्षणी कुणीतरी गात होतं.

त्यात आणखी दोन अटी आहेत. एका देशाच्या सादरीकरणात सहाहून जास्त माणसं नसावीत आणि गाणं तीन मिनिटांहून लांबू नये. नृत्याच्या गाण्याला माणसांची अट सर्वाधिक जाचते. चार नर्तकी घेतल्या की गायिकेव्यतिरिक्त उरते एकच जागा, आणि सगळं ओझं गायिकेच्या दमसासावर येतं. नाचाच्या हालचाली आणि श्वास घेण्याच्या जागा एकमेकींत नेमक्या बसवाव्या लागतात. हेलकावा घ्यायचा कुठे आणि सूर धरायचा कुठे, हे आधी ठरवावं लागतं, मग ते अंगात मुरवावं लागतं. 'फुएगो'चं मंचन साशा जाँ-बाप्तिस्त या स्वीडिश नृत्यदिग्दर्शिकेचं होतं. त्या तीन मिनिटांत सहज वाटणारं जे काही दिसतं, ते असं बेतलेलं आहे.

गैरसमज : तज्ज्ञ परीक्षकांना अशी गाणी आवडत नाहीत, ती फक्त प्रेक्षकांच्या जोरावर वर येतात.

वस्तुस्थिती : २०१८मध्ये निम्मे गुण परीक्षकांचे आणि निम्मे प्रेक्षकांचे होते. प्रत्येक देशात संगीतक्षेत्रातल्या पाच जणांचं परीक्षक मंडळ असे. हे परीक्षक शनिवारचं प्रक्षेपण पाहून गुण देत नसत, आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवर देत. गाणाऱ्याला सलग दोन रात्री तेवढ्याच ताकदीने उभं राहावं लागे, आणि पहिल्या रात्री घसा बसला तर दुसऱ्या रात्रीच्या टाळ्यांनी ते नुकसान भरून निघत नसे.

आता 'फुएगो'चे आकडे पाहा. प्रेक्षकांकडून २५३ गुण, तिथे दुसरा क्रमांक. परीक्षकांकडून १८३ गुण, तिथे पाचवा. २६ गाण्यांत पाचवा क्रमांक म्हणजे काही नापसंती नव्हे. त्याच रात्री स्वीडनच्या बेंजामिन इंग्रोसोनेही नाचाचंच गाणं सादर केलं होतं. परीक्षकांनी त्याला २५३ गुण देऊन दुसऱ्या क्रमांकावर बसवलं, प्रेक्षकांनी दिले फक्त २१. बेरजेत तो सातवा आला. तज्ज्ञ एका बाजूला आणि नाचाची गाणी दुसऱ्या बाजूला, अशी सरळ विभागणी या निकालात सापडत नाही. परीक्षकांनी ठेक्याकडे पाठ फिरवलेली नव्हती. उलट ठेक्याचं एक गाणं त्यांनी प्रेक्षकांपेक्षा कितीतरी जास्त उचलून धरलं.

गैरसमज : सायप्रसला ग्रीसचे बारा गुण ठरलेलेच; हा निकाल शेजारधर्माचा.

वस्तुस्थिती : या समजात सत्याचा अंश आहे, तो मान्य करायला हवा. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना भरभरून गुण देतात, हे या स्पर्धेत पूर्वापार चालत आलेलं आहे. भाषा एक, गायक समान, वाहिन्यांवर वाजणारी गाणीही समान. अशा दोन देशांची आवड जुळते, यात नवल नाही.

पण त्या गुणांचं वजन किती? एक देश दुसऱ्याला परीक्षकांचे १२ आणि प्रेक्षकांचे १२ असे जास्तीत जास्त २४ गुण देऊ शकतो. ग्रीसचे संपूर्ण २४ गुण वजा केले तरी सायप्रसचे ४१२ उरतात. फुरेइराचा जन्म अल्बानियातला. तिथूनही २४ मिळाले असं धरून तेही काढून टाकले, तरी ३८८ उरतात. तिसऱ्या आलेल्या ऑस्ट्रियाचे एकूण गुण होते ३४२. म्हणजे शेजाऱ्यांचा आणि जन्मभूमीचा सगळा आधार काढून घेतला तरी सायप्रस दुसराच राहतो.

उलटा पुरावाही हाताशी आहे. ग्रीसची मैत्री जुनीच असूनही २००६ ते २००९ अशी सलग चार वर्षं सायप्रस उपांत्य फेरीतच बाद झाला. शेजारी हात देतो, पण तो हात धरून पहिल्या पाचांत पोचता येत नाही. त्यासाठी ज्यांच्याशी नातं ना गोतं अशा डझनावारी देशांत गाणं आवडावं लागतं.

गैरसमज : देशाचं गाणं म्हणजे गायक, गीतकार आणि भाषा सगळं त्या देशाचं हवं.

वस्तुस्थिती : गायकाच्या नागरिकत्वाची अट या स्पर्धेत नाही. १९८८मध्ये स्वित्झर्लंडला विजय मिळवून देणारी सेलीन दियाँ कॅनडाची होती. २०१०मध्ये सायप्रसतर्फे गायलेला जॉन लिलीग्रीन वेल्सचा. फुरेइरा अल्बानियातल्या फिएर इथे जन्मली आणि ग्रीसमध्ये लहानाची मोठी झाली. 'फुएगो'च्या रचनाकारांत प्रमुख असलेले अ‍ॅलेक्स पापाकॉन्स्टँटिनू हे ग्रीक वंशाचे स्वीडिश संगीतकार आहेत. गाणं इंग्रजीत, शीर्षक स्पॅनिश.

आपल्या भाषेतच गाण्याचं बंधन बरीच वर्षं होतं, ते १९९९पासून उठलं. म्हणून इंग्रजीशिवाय जिंकता येत नाही असंही नाही. २०१७मध्ये पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल स्वभाषेतलं शांत गाणं गाऊन ७५८ गुणांनी जिंकला. त्याच विजयामुळे पुढच्या वर्षीची स्पर्धा लिस्बनला भरली.

देशाचं नाव गाण्याला जोडलं जातं, कारण त्या देशाची प्रसारण संस्था ते निवडते आणि पाठवते. सायप्रसची ती संस्था म्हणजे तिथलं सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणी महामंडळ. आमच्या वतीने कोण बोलेल हे त्यांनी ठरवलं. फिएरमध्ये जन्मलेल्या, ग्रीसमध्ये वाढलेल्या मुलीला त्यांनी आपला आवाज मानलं आणि राजधानी निकोसियाच्या लोकांनी तिचं यश आपलं म्हणून साजरं केलं. मला ही या स्पर्धेतली सुंदर गोष्ट वाटते.

गैरसमज : ही युरोपीय संघाची स्पर्धा, बाकी जगाचा तिच्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : आयोजक आहे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे प्रसारण संस्थांचा १९५०मध्ये स्थापन झालेला संघ. राजकीय युरोपीय संघाशी त्याचा संबंध नाही. पहिली स्पर्धा १९५६मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानोत झाली, तेव्हा सात देश होते. २०१८मध्ये ४३ होते. मोरोक्कोने १९८०मध्ये भाग घेतला, ऑस्ट्रेलिया २०१५पासून येऊ लागला. २०२३पासून सहभागी नसलेल्या देशांतल्या प्रेक्षकांनाही ऑनलाइन मत देता येतं. त्या सर्वांची मतं मिळून एका देशाइतकी धरली जातात. म्हणजे पुण्यात किंवा पणजीत बसलेला रसिकही आता त्यात वाटेकरी आहे.

आपल्याकडच्या गायनस्पर्धांची सवय असलेल्यांनी एक फरक मात्र लक्षात ठेवावा. युरोव्हिजनमध्ये आठवडेच्या आठवडे गायकाची पारख होत नाही. स्पर्धा गाण्याची आहे. एक नवं गाणं, तीन मिनिटं आणि निकाल.

गैरसमज : ठेका जोरदार असला, मंचावर आग पेटवली की झालं; अशी गाणी साच्यातून निघतात.

वस्तुस्थिती : साचा असता तर तो सर्वांत आधी सायप्रसलाच सापडला असता. पुढच्याच वर्षी, २०१९मध्ये, त्यांनी ताम्ता या गायिकेला पाठवलं. गाणं नाचाचं होतं आणि रचनेत पुन्हा पापाकॉन्स्टँटिनू होते. क्रमांक आला तेरावा. २०२१मध्ये एलेना त्सागरिनूच्या 'एल दियाब्लो'चं शीर्षकही स्पॅनिश होतं, ठेकाही तसाच झणझणीत. क्रमांक सोळावा. दोन्ही गाणी अंतिम फेरीत पोचली, हे लहान नव्हे. पण 'फुएगो'ची उंची त्यांना गाठता आली नाही.

मग 'फुएगो'त वेगळं काय होतं? गाणं सुरुवातीला आवाज आवरून धरतं. ध्रुवपदाकडे चढत जातं, आणि जिथे मोठ्याने गाण्याची अपेक्षा असते नेमकं तिथे शब्द मागे सरतात. वाद्यांचा एक छोटा, वळणदार तुकडा पुढे येतो, आणि नाचाला मोकळी जागा मिळते. गायिकेला श्वासही तिथेच मिळतो. चाल, नृत्य आणि दम यांची गाठ त्या एका जागी बसली आहे. सट्टेबाजांच्या अंदाजात हे गाणं आधी फार वर नव्हतं. लिस्बनमध्ये तालमी सुरू झाल्या, लोकांनी ते मंचावर पाहिलं, आणि अंतिम फेरीपर्यंत ते जिंकेल असं बोललं जाऊ लागलं. चाल तीच होती, शब्द तेच होते. अंदाज बदलला तो त्या बाईचं काम डोळ्यांनी दिसल्यावर.

पुढच्या वेळी हे सादरीकरण पाहाल तेव्हा आतषबाजीवरची नजर क्षणभर काढा आणि फुरेइरा श्वास कुठे घेते तेवढं शोधा. ती जागा सापडायला वेळ लागतो. इतकी ती झाकलेली आहे.