पान कोमेजलं म्हणजे तहानच लागली असं नाही

उन्हाळ्यात परसबागेतली वांगी, टोमॅटो दुपारी माना टाकतात. आपला जीव कळवळतो आणि लांबून डोक्यावर आणलेला हंडा आपण बुंध्याशी रिकामा करतो. पण कोमेजलेल्या प्रत्येक झाडाला पाणीच हवं असतं असं नाही. कधी कधी त्याच पाण्यानं झाड जातं. म्हणून झाडाच्या अंगात पाणी कसं फिरतं ते आज समजून घेऊ.

झाडात दोन प्रकारच्या बारीक नळ्या असतात. जलवाहिन्या मुळांकडचं पाणी आणि त्यात विरघळलेली खतं वर पानांपर्यंत नेतात. रसवाहिन्या पानांत तयार झालेलं साखरेसारखं अन्न मुळांना, कोंबांना, फळांना पोचवतात.

आता झाडात मोटर तर नाही, मग पाणी वर चढतं कसं? पानांवर, बहुतेक झाडांत खालच्या बाजूला जास्त, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. तिथून पाण्याची वाफ बाहेर पडते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे वरचे गेले की खालचे ओढले जातात, जसा दोर वरून ओढला की पोहरा विहिरीतून वर येतो. डिक्सन आणि जोली या दोन शास्त्रज्ञांनी १८९४ साली ही उकल मांडली. मुळांनी घेतलेल्या शंभर लोट्यांपैकी सुमारे ९७ लोटे असेच हवेत उडून जातात.

खात्री करायची असेल तर पावसाळ्यात तेरड्याचं एक रोप मुळासकट उपटा, मुळं धुवा आणि लाल शाईच्या पाण्यात ठेवा. काही तासांनी त्याच्या पातळ खोडात लाल रेघा वर चढलेल्या दिसतील. त्याच जलवाहिन्या.

आता परसबागेत चला. भर दुपारी वाफ जास्त उडते, मुळांचा पुरवठा कमी पडतो आणि पानं लोंबतात. भोपळ्याची मोठी पानं तर हमखास. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर काळजी नको. झाडाची पारख सकाळी उजाडताना करायची. तेव्हाही ते कोमेजलेलं असेल तर मातीत बोट खुपसा.

माती कोरडी लागली, तर झाड खरंच तहानलेलं आहे. पाणी द्या आणि बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा.

माती ओली चिक्क लागली, तर पाणी बंद करा. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात, कुजतात आणि मग पाण्यात उभं राहूनही झाड तहानलेलं राहतं. आधी चर काढून पाणी वाहतं करा.

माती ठीक आहे, तरी हिरवंगार झाड एकाएकी मान टाकतं? वांगी, टोमॅटो, मिरचीत हा मर रोग असू शकतो. बुंध्याजवळून खोड कापून तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगता धरा. दुधासारखा धागा खाली उतरला तर जिवाणूंनी जलवाहिन्या तुंबवल्या आहेत. असं झाड मुळासकट काढून नष्ट करा, कंपोस्टात टाकू नका. त्या जागी लगेच पुन्हा याच भाज्या लावू नका.

खताचंही तसंच. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? कोरड्या मातीत बुंध्याशी मूठभर युरिया टाकला तर मुळांचं असंच होतं. खत थोडं, बुंध्यापासून दूर आणि ओलाव्यावर द्यावं.

रोपं लावताना मुळांवरची केसांसारखी मूलरोमं तुटतात, आणि पाणी शोषायचं मुख्य काम तीच करतात. म्हणून रोपवाटिकेतून आणलेली रोपं मातीच्या गड्ड्यासह, ऊन उतरल्यावर लावा. दोन-चार दिवस सावली करा. गटाच्या पैशातून घेतलेलं एकेक रोप त्यानं वाचतं.

आता रसवाहिन्यांकडे वळू. त्या सालीच्या आतल्या बाजूला असतात. डाळिंबाची गुटी बांधताना आपण सालीचं कडं काढतो. पाणी आतल्या लाकडातून वर जात राहतं, पण अन्न कड्याच्या वर अडतं आणि तिथं मुळं फुटतात. फांदीवर हे कामाचं, बुंध्यावर घातक. बुंध्याला करकचून बांधलेली तार सालीत रुतली, किंवा शेळीनं चहूबाजूंनी साल कुरतडली, तर मुळं उपाशी पडतात. काही महिने झाड हिरवं दिसतं आणि मग वाळतं. म्हणून शेवग्याला, आंब्याला कपडे वाळवायची तार बांधली असेल तर आजच सोडा आणि रोपांना कुंपण करा.

उद्या सकाळी हंडा उचलण्याआधी एकदा मातीत बोट घालून बघा.