प्रवाळ मत्स्यालयातील समुद्रशैवालांचे व्यवस्थापन : केळापूर परिसरातील भूजलाच्या संदर्भात

प्रस्तावना :
केळापूर तालुका समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथे प्रवाळ मत्स्यालय उभारावयाचे झाल्यास कृत्रिम समुद्री मीठ स्थानिक पाण्यात विरघळवून खारे पाणी तयार करावे लागते. त्यामुळे शैवालवाढीच्या समस्येचा विचार पाण्याच्या स्रोतापासूनच करणे आवश्यक ठरते.

शैवालवाढीची कारणे :
कॉलर्पा, उल्वा, किटोमॉर्फा ही हिरवी, तर सरगॅसम हे तपकिरी समुद्रशैवाल होय. ही शैवाले पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस शोषून झपाट्याने वाढतात. प्रवाळांची वाढ मात्र संथ असते. शैवालांच्या सावलीत व स्पर्शाने ती खुंटते.
पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा प्रतिलिटर 45 मिलिग्रॅम आहे. प्रवाळ मत्स्यालयात ते साधारणतः 10 मिलिग्रॅमपेक्षा कमी असणे इष्ट असते. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटबाधित जिल्ह्यांमध्ये यवतमाळचा समावेश आहे. त्यात विदर्भातील उन्हाळ्यात बाष्पीभवन अधिक होते. पाणी उडून जाते, नायट्रेट मात्र मागे राहते. समजा, 200 लिटरच्या टाकीत रोज 3 लिटर पाणी भरावे लागते व त्यात 45 मिलिग्रॅम नायट्रेट आहे. तर महिन्याभरात टाकीतील प्रमाण प्रतिलिटर सुमारे 20 मिलिग्रॅमने वाढेल. म्हणजेच पिण्यायोग्य पाणीही प्रवाळांना अयोग्य ठरू शकते.

उपाययोजना :
1) मीठ मिसळण्यासाठी व दैनंदिन भरणीसाठी आर.ओ. व डीआयोनायझेशन प्रक्रियेतून शुद्ध केलेले पाणी वापरावे.
2) माशांना मोजकेच खाद्य द्यावे.
3) टाकीला जोडलेल्या स्वतंत्र कप्प्यात किटोमॉर्फा वाढवून त्याची नियमित छाटणी करावी. छाटलेल्या शैवालाबरोबर पोषकद्रव्ये बाहेर जातात. कॉलर्पा युग्मके सोडून एकाएकी मृत होऊ शकते व शोषलेली द्रव्ये पुन्हा पाण्यात येतात. म्हणून ते टाळावे.
4) शैवालभक्षी गोगलगाई व सर्जन मासे साहाय्यक ठरतात, परंतु त्यांच्या विष्ठेतून पोषकद्रव्ये टाकीतच राहतात.

दक्षता :
1984 मध्ये मोनॅको येथील सागरी संग्रहालयाजवळ आढळलेले कॉलर्पा टॅक्सिफोलिया पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरले. त्याचे मूळ मत्स्यालयात असल्याचे मानले जाते. म्हणून छाटलेले शैवाल जलाशयात न टाकता वाळवून नष्ट करावे. तसेच भारतीय समुद्रातील प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे. ते काढून आणणे हा गुन्हा ठरतो.

निष्कर्ष :
शैवाल हे रोगाचे कारण नसून पाण्यातील अतिरिक्त पोषकद्रव्यांचे लक्षण आहे. केवळ शैवाल उपटल्याने ते पुन्हा वाढते. पाण्याची नायट्रेट तपासणी ही व्यवस्थापनाची पहिली पायरी होय. हीच तपासणी त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबासाठीही तितकीच महत्त्वाची आहे.