ढिलं स्टेअरिंग: बॉक्सच्या स्क्रूला हात लावण्याआधी

अकोल्याहून हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ रुंद झाला आणि जुन्या जीपांचं एक दुखणं उघड्यावर आलं. सेनगाव-कळमनुरीच्या आतल्या रस्त्यांवर ताशी तीसच्या वर गाडी जायचीच नाही. खड्डे चुकवताना स्टेअरिंग सारखं फिरतं असायचं, त्यामुळे ते ढिलं आहे हे ड्रायव्हरच्या हाताला कळत नव्हतं. आता तीच गाडी सत्तरला लागली की सरळ रस्त्यावर भटकते आणि शेजारून ट्रक गेला की झोकांडी खाते. एखादी पन्नासच्या आसपास पुढची चाकं अशी थरथरवते की दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरूनही आवरत नाही.

मग गाडी गॅरेजला जाते. मिस्त्री बॉनेट उघडतो, स्टेअरिंग बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू अर्धा फेरा आवळतो आणि ‘बघा, कसं टाइट झालं’ म्हणून मोकळा होतो. दहापैकी आठ वेळा ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली गत असते. खेळ वेगळ्याच सांध्यात, शिक्षा मात्र बॉक्सला.

कायदा याबाबत बराच उदार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम स्टेअरिंगच्या चक्रावर ३० अंशांपर्यंतचा मोकळा फेरा चालवून घेतो. चक्राचा व्यास ४० सेंटीमीटर धरला तर कडेवर हे अंतर साडेदहा सेंटीमीटर भरतं. इतकं चक्र फिरवूनही चाक जागचं हललं नाही, तरी गाडी नियमात बसते! त्याच नियमातली दुसरी अट जास्त कामाची आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही: प्रत्येक बॉल जॉइंटवर रबरी टोपी हवी आणि जोडणीचे बोल्ट-पिना नीट अडकवलेल्या हव्यात.

हे साडेदहा सेंटीमीटर साठतात कसे, याचा हिशोब सोपा आहे. चाकाला वळवणारा आर्म साधारण पंधरा सेंटीमीटरचा धरा. त्याच्या टोकाच्या सांध्यात एक मिलीमीटर खेळ असेल तर चाकापाशी तो अर्ध्या अंशाहूनही कमी. पण बॉक्सचं गुणोत्तर चौदास एकच्या घरातलं, म्हणून हातात येईपर्यंत तोच खेळ पाच अंशांपर्यंत जातो, म्हणजे चक्राच्या कडेवर जवळपास दोन सेंटीमीटर. असे चार सांधे झिजले की झाले वीस अंश. यातला एकही सांधा एकट्याने ‘गेलेला’ वाटत नाही. म्हणूनच ‘नेमका कोणता पार्ट गेलाय?’ या प्रश्नाला बहुधा एका नावात उत्तर नसतं.

शोधायला महागडी यंत्रं लागत नाहीत, दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. या पहिल्या तपासणीला जॅक लावायचा नाही, कारण सांध्यावर वजन हवं. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली शिरून एकेका सांध्यावर पंजा ठेवायचा. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे चोर सापडला. बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून सुरुवात करून ड्रॅग लिंक, मग टाय रॉडची टोकं असं चाकापर्यंत जायचं. खुद्द बॉक्स चॅसीवर हलतोय का, हेही तेव्हाच दिसतं. त्याचे बोल्ट सैल असतात किंवा चॅसीला बारीक तडा गेलेला असतो आणि बिचाऱ्या गिअरांवर खापर फुटतं.

विलीस घडणीच्या जुन्या जीपांत आणखी एक जागा आहे. महिंद्रांनी १९४७ पासून या जीपा भारतात जोडायला घेतल्या. त्यांच्या मूळ रचनेत ड्रॅग लिंक थेट चाकाकडे जात नाही. मध्ये बेलक्रँक नावाचा तुकडा एका पिनेभोवती फिरतो आणि त्यातून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. ही पिन चिखलाच्या थेट माऱ्यात. तिचं ग्रीस निप्पल मातीने बुजलं की कोरडी पिन भोक अंडाकृती करून टाकते. बेलक्रँक वर-खाली हलवला आणि टकटक आवाज आला, तर नवे टाय रॉड एंड घालून काडीचा फरक पडणार नाही. लेथवर नवी पिन आणि गनमेटलचा बुश करून घ्यावा लागतो.

इथल्या काळ्या जमिनीचाही यात वाटा आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता लाटालाटांचा होतो. वसमतच्या हळदीच्या शिवारातून निघालेल्या गाडीला जो चिखल चिकटतो तो रबरी टोपीच्या फटीत शिरून वाळतो, टोपी फाटते आणि मग मुरमाची भुकटी बॉलला घासत राहते. पावसाळा सुरू होण्याआधी आणि संपल्यावर ग्रीसगन फिरवणं म्हणूनच स्वस्तात पडतं: जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं.

आता जॅक. चाक उचलून टायर वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर आत बसलेल्याने ब्रेक दाबायचा. खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. जुन्या जीपच्या किंगपिनमध्ये बेअरिंगवरचा दाब पातळ शिमांनी जुळवलेला असतो. एखादी शिम कमी करून तो परत आणता येतो, अर्थात बेअरिंगच खाल्लेलं नसेल तर. ती पन्नासची थरथर पुष्कळदा इथेच असते. पाट्यांचे बुश, शॅकल आणि यू-बोल्टही बघावेत. ॲक्सलच जागचा सरकत असेल तर स्टेअरिंग काय करणार? माल जास्त बसावा म्हणून पुढे जादा पाटा टाकलेल्या गाडीत ॲक्सलचा कल बदलतो आणि सगळे सांधे नवे असूनही ती भटकते.

जुगाडाबद्दल एवढंच: झिजलेल्या बॉल जॉइंटला वेल्डिंग, ड्रॉप आर्म तापवून सरळ करणं किंवा स्प्लिट पिनेच्या जागी तार, यातलं काहीही ज्या गाडीत दिसेल तिच्यात मी बसत नाही.

टाय रॉड एंड बदलताना जुना किती आट्यांवर बसला होता ते मोजून ठेवावं. एका टोकाला उलटे आटे असतात, हे घाईत विसरलं जातं. मग टायरांवर खडूची रेघ मारून पुढचं आणि मागचं अंतर मोजायचं: जुन्या जीपला पुढचं अंतर एक ते अडीच मिलीमीटरने कमी हवं.

हे सगळं झाल्यावर बॉक्स. आत ग्रीस कोंबलेलं असेल तर काढून गिअर ऑइल भरावं. ग्रीस एकदा बाजूला सरलं की परत दातांवर येत नाही. ऑइल गळतं म्हणून ग्रीस भरलं असेल, तर आधी सील आणि शाफ्टचा बुश बदलायला हवा. बॉक्स सर्वांत जास्त झिजतो तो मधोमध, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. तिथला खेळ घालवायला स्क्रू जास्त पिळला, तर मध्यभागी बरं वाटतं आणि वळणावर बॉक्स अडकतो. म्हणून ड्रॅग लिंक सोडून, बॉक्स मधोमध ठेवून थोडंच आवळायचं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे जड जातंय का ते बघायचं. लिंक जोडल्यावर मोकळ्या मैदानात हळू वेगाने गाडी वळवा आणि पकड सैल करा. चक्र आपण होऊन सरळ यायला हवं. येत नसेल तर स्क्रू जास्त झालाय किंवा किंगपिन आवळून बसलाय. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी महामार्गावर काढायची नाही.