लस आणि तरुणांचे हृदय

लशीने तरुणांची हृदये बंद पडतात, ही वार्ता अद्यापि घरोघर फिरते, आणि ज्यांचे मुलगे परदेशी नोकरीस आहेत त्या मातांचा जीव तिने टांगणीस लागतो. तीत सत्याचा अंश आहे. तो किती, एवढेच आम्ही सांगू इच्छितो.

पायझर व मॉडर्ना या कोविडच्या लशींनंतर क्वचित हृदयाच्या स्नायूस सूज येते, हे २०२१ साली इस्रायल व अमेरिका येथे आढळून आले. ती बहुधा तरुण पुरुषांस, दुसऱ्या मात्रेनंतर आठवड्याच्या आत येते. बहुतेक रोगी विश्रांतीने व उपचाराने बरे झाले. खुद्द कोविडनेही तीच सूज येते, हे मात्र कोणी सांगत नाही.

आपल्या देशातील मोहिमेत मुख्यतः कोविशील्ड व कोव्हॅक्सिन होत्या. त्यांची घडण निराळी. कोविशील्डने विरळा रक्ताच्या गुठळ्या होत, हेही झाकून ठेवू नये. परंतु गावातील तरुण अकस्मात गेला की खापर लशीवरच फुटते! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ साली १८ ते ४५ वर्षांच्या अशा मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. लशीने धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही. घराण्यातील आकस्मिक मृत्यू, कोविडने इस्पितळात पडणे, अतिश्रमाचा व्यायाम आणि बेसुमार मद्य यांनी तो वाढल्याचे दिसले. लग्नाच्या मांडवात बाटल्या मोजणाऱ्यांनी शेवटचा शब्द पुन्हा वाचावा.

ख्रिस्तसभेने २०२० सालीच लस स्वेच्छेची असावी असे म्हटले. तेव्हा भिणाऱ्यास आम्ही दूषण देत नाही. मात्र लशीनंतर छातीत दुखले, धाप लागली वा धडधडले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि लस कोणती व केव्हा घेतली ते त्यांस सांगावे.