ऑनलाइन पोकर-रमीचा डाव आधीच ‘सेट’ असतो का? हरलेल्या पैशांमागचं गणित समजून घ्या

भातसानगर : शहापूर-मुरबाड पट्ट्यात गणपतीच्या जागरणाला पत्ते बसतात, तेव्हा कॅट सगळ्यांसमोर पिसला जातो. कुणाला शंका आलीच तर तो पत्ते मोजून बघतो. मोबाईलवरच्या पोकर-रमीत मात्र पिसणारा दिसत नाही आणि समोर खरंच माणूस आहे की नाही, तेही कळत नाही. म्हणून पैसे गेले की पोरं एकच विचारतात, ‘गेम सेट होता का?’

नुसतं हरणं हा पुरावा नाही

पोकरमध्ये तुमच्या हातात एक्क्यांची जोडी आणि समोरच्याकडे बादशहाची जोडी असली, तरी साधारण पाचातला एक डाव एक्केवालाच हरतो. समोरासमोर बसून तासाला 25-30 डाव होतात, मोबाईलवर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. त्यामुळे असे डावही जास्त वाट्याला येतात आणि तेच डोक्यात राहतात.

पण घोळ झालेले आहेत

1999 मध्ये प्लॅनेट पोकर या साइटच्या सॉफ्टवेअरमधली चूक तज्ज्ञांनी उघड केली. पत्ते पिसण्याचं काम घड्याळाच्या वेळेवर चालत होतं. वेळ जुळवून टेबलावरचे उघडे पत्ते टाकले की समोरच्याच्या हातातले पत्तेही ओळखता येत होते.

2007 मध्ये ॲब्सोल्यूट पोकरवर त्याहून मोठा प्रकार निघाला. एका खात्याला सगळ्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते. खेळणाऱ्यांनीच जुन्या डावांच्या नोंदी तपासून हे पकडलं. पुढच्या वर्षी अल्टिमेट बेटवरही तसंच उघड झालं. दोन्ही साइटकडे लायसन्स होतं, तरी हे घडलं.

आपल्याकडे नोव्हेंबर 2025 मध्ये ईडीने विन्झो कंपनीवर कारवाई केली. लोकांना न सांगता त्यांना माणसाऐवजी सॉफ्टवेअरशी खेळवलं, असा ईडीचा आरोप आहे. हा आरोप आहे, कोर्टाचा निकाल नाही.

डाव सरळ असला तरी पैसे आटतात

समजा चार जण प्रत्येकी 1,000 रुपये घेऊन बसले. टेबलावर झाले 4,000. प्रत्येक डावात चौघांनी 100 टाकले आणि कंपनीने त्यातले 5 टक्के कापले, तर डावामागे 20 रुपये गेले. पोकरमध्ये या कापणीला ‘रेक’ म्हणतात. 100 डावांत 2,000 रुपये, म्हणजे टेबलावरचे निम्मे पैसे, कंपनीच्या खिशात. कोण जिंकलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. मोबाईलवर एवढे डाव दोन तासांत उरकतात.

लिंकवर आलेलं ॲप सगळ्यात धोक्याचं

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर लिंक येते. ॲप प्ले स्टोअरवर नसतं. सुरुवातीला दोन-पाचशे जिंकवतात, खात्यात पैसेही देतात. मोठी रक्कम टाकली की हार सुरू होते. पैसे काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतात. इथे पत्ते, आकडे आणि खातं सगळं एकाच माणसाच्या हातात असतं.

जुलै 2023 मधलं नागपूरचं प्रकरण आठवत असेल. एका व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर लिंक आली. आधी जिंकणं झालं, मग हार लागली. सुमारे 5 कोटी जिंकले आणि 58 कोटी घालवले, अशी त्याची तक्रार होती. पोलिसांनी गोंदियात संशयिताच्या घरी छापा टाकला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं सापडलं. एवढा मोठा व्यापारी फसू शकतो, तिथे मजुरीचे किंवा भाताचे पैसे लावणाऱ्याचं काय?

कायदा काय म्हणतो?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. असे खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. म्हणजे आता ‘पैसे लावा’ म्हणत येणारी लिंक कुणाची असेल, याचा विचार करा.

पैसे अडकले असतील तर

• लगेच 1930 वर फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.
• बँकेला कळवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा.
• ॲप काढून टाकण्याआधी चॅट, खाते क्रमांक आणि रकमेचे स्क्रीनशॉट घ्या.
• अडकलेले पैसे सोडवायला म्हणून आणखी एक रुपयाही भरू नका.
• आपलं बँक खातं किंवा सिमकार्ड ‘महिन्याला अमुक देतो’ म्हणणाऱ्याला वापरायला देऊ नका. फसवणुकीचे पैसे त्यातून फिरले की पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

गेम सेट आहे की नाही, हे खेळणाऱ्याला आपल्या मोबाईलवरून तपासता येत नाही. सेट नसला तरी रेक कापला जातोच. घरातल्या पोराने हरल्याचं सांगितलं तर आधी ओरडू नका, आधी 1930 लावा. ओरड्याच्या भीतीने पोरं गप्प बसतात, आणि गेलेले भरून काढायला पुन्हा पैसे टाकतात.