मांजरामागे धावणारा कारवानी: मार नको, दोर हवा

कुर्डुवाडी-पंढरपूर भागात पाळला जाणारा कारवानी हा नजरेने सावज हेरून धावणारा कुत्रा. पिढ्यान्‌पिढ्या तो सशासारख्या सावजामागे धावण्यासाठी निवडला गेला. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बेकायदा ठरली, ओढ मात्र रक्तात राहिली. म्हणून मांजर पळालं की तो सुटतो. यात खोडी नसते. शिवाय धावणं हेच त्याचं बक्षीस, त्यामुळे प्रत्येक पाठलागाने सवय पक्की होते. तेव्हा पहिलं काम पाठलाग घडूच न देणं: घरातही गळ्यात पट्टा आणि दोर आपल्या हातात. मांजर दिसेल, पण कुत्रा ताठरणार नाही, इतक्या अंतरावर थांबायचं. त्याने नजर वळवून तुमच्याकडे पाहिलं, की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा. अंतर हळूहळू कमी करायचं, घाई अजिबात नको.

"दोन रट्टे दिले की सरळ होतो," असं बरेच जण म्हणतात. त्या वेळी तो थांबतोही. पण मांजर दिसलं की मार बसतो, हे गणित डोक्यात बसलं तर मांजराचाच राग वाढू शकतो, आणि तो आपण घरात नसताना निघतो. सवय व्हावी म्हणून दोघांना एका खोलीत कोंडणं तर निव्वळ क्रूरपणा. त्यापेक्षा मांजराला माळ्यावर, कपाटावर चढायची सोय करा. ते पळालंच नाही तर अर्धा प्रश्न मिटतो. घरच्या मांजराशी जुळलेला कारवानीसुद्धा अंगणातल्या परक्या मांजरावर झेपावू शकतो, हे मात्र धरून चला.